कोवळं ताटात, जून न्हाणीत

आज आपण घोसाळ्याबद्दल बोलणार आहोत. भाजीच्या घोसाळ्याबद्दल थोडं, आणि वेलावरच वाळलेल्या घोसाळ्याबद्दल जास्त.

घोसाळं आपल्याला नवीन नाही. कोणी त्याला गिलकं म्हणतं, कोणी चोपडा दोडका. दोडक्याला धारा असतात, घोसाळं गुळगुळीत असतं. कोवळं असताना त्याची भाजी होते, भजी होतात. चार दिवस तोडायचं राहिलं की ते जून होतं आणि चावताना दाताला दोरे लागतात. मग आपण म्हणतो, "गेलं वाया." पण ते दोरे म्हणजेच आजचा आपला विषय. फळ वेलावर पूर्ण पिकून वाळलं की आतला गर आटतो आणि दोऱ्यांची एक घट्ट, हलकी जाळी उरते. साल काढून, बिया झटकून ही जाळी धुतली की अंग घासायला आणि भांडी घासायला तयार. गावातल्या जुन्या बायकांना ही जाळी माहीत आहे. शहरातल्या दुकानात हीच वस्तू लूफा या नावाने पाकिटात मिळते. तो शब्द मूळ अरबी भाषेतला, या वेलाचंच नाव. म्हणजे नाव परकं असलं तरी वेल आपल्याच कुंपणावरचा आहे.

ही जाळी फक्त न्हाणीतलीच वस्तू आहे असंही नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी जहाजांच्या इंजिनांत गाळणी म्हणून ती वापरली जायची आणि जपानमधून तिचा मोठा व्यापार चालायचा. इतकी ती चिवट असते.

आम्ही हा विषय घेतला त्याचं कारण वेगळं आहे. आपला यवतमाळ जिल्हा कापसाचा. मृगात पेरणीची धांदल, मग निंदण, डवरण, फवारणी, आणि दसऱ्या-दिवाळीपासून वेचणी. गटाच्या बैठकीत कोणताही नवा उद्योग सुचवला की पहिला प्रश्न येतो, "ताई, वेळ कुठं आहे?" दुसरा प्रश्न येतो, "पैसा कुठून आणायचा?" हे दोन्ही प्रश्न खरे आहेत. घोसाळ्याच्या जाळीला या दोन्ही प्रश्नांचं बऱ्यापैकी उत्तर आहे. वेल सांदवाडीत वाढतो, वावरातली जागा अडवत नाही. आणि वाळलेलं फळ थांबतं. भाजी आज तोडली नाही तर उद्या वाया जाते, पण वाळलेलं घोसाळं सालासकट कोरड्या जागी ठेवलं तर महिनोन्महिने टिकतं. वेचणी आटोपली की सवडीने सोलता येतं.

बी कोणतं घ्यायचं

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं 'पुसा चिकनी' हे घोसाळ्याचं सुधारित वाण बरंच जुनं आणि माहितीचं आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. भाजीची वाणं निवडताना फळ जास्तीत जास्त दिवस कोवळं राहावं, लवकर यावं, हे पाहिलेलं असतं. आपल्याला हवी आहे जाड, घट्ट दोऱ्याची जाळी. त्यासाठी गावातलं देशी बी पुष्कळदा सरस ठरतं. शेजारीपाजारी विचारा. कोणाच्या कुंपणावर लांब, सरळ, भरीव घोसाळी लागतात? त्या घरी एखादं वाळलेलं फळ मागा, दाबून पाहा. दाबल्यावर परत वर येत असेल तर तेच बी धरा.

दोडक्यालाही आत जाळी असते, पण धारांमुळे त्याची साल नीट निघत नाही. जाळीसाठी घोसाळंच बरं.

एक सावधगिरीची सूचना. रानात आपोआप उगवलेल्या कडू दोडक्याचं बी कधीही लावू नका. आणि परसातलं घोसाळं असो, दोडका असो की दुधी, कापताना छोटासा तुकडा जिभेला लावून पाहायची सवय ठेवा. कडू लागलं तर थुंकून टाका आणि ते फळ भाजीत घालू नका. या कुळातल्या भाज्यांतला कडूपणा विषारी असतो, त्याने उलट्या-जुलाब होऊन माणूस गंभीर होऊ शकतो. मीठ लावून किंवा शिजवून तो जात नाही.

लावणी

जाळीसाठी घोसाळ्याला लांब हंगाम लागतो. बी टाकल्यापासून जाळी हातात येईपर्यंत पाच ते सहा महिने धरा. म्हणून जूनमध्ये, मृगाचा चांगला पाऊस झाला की लावणी करावी. ऑगस्टमध्ये लावलं तर भाजी मिळेल, पण थंडी सुरू झाली की फळं भरायला वेळ लागतो आणि जाळी कच्ची राहते.

बियांचं कवच टणक असतं. रात्रभर पाण्यात भिजत घाला, सकाळी ओल्या फडक्यात बांधून ठेवा, मग लावा. हात-दीड हात रुंद आणि तितकाच खोल खड्डा घ्या. त्यात एक टोपलं कुजलेलं शेणखत आणि वरची माती मिसळून भरा. आपली काळी माती पाणी धरून ठेवते. म्हणून खड्डा भरताना मधे थोडा उंचवटा करा, पावसाचं पाणी बुडाशी साचू देऊ नका. एका जागी दोन बिया, बोटाच्या एका पेराएवढ्या खोल. आठवडाभरात कोंब वर येतो. दोन्ही उगवल्या तर जोमदार रोप ठेवा, दुसरं काढा. दोन वेलांत किमान तीन फूट अंतर असू द्या.

जागा अशी निवडा की दिवसाचं ऊन मिळेल. न्हाणीचं सांडपाणी जिथून जातं त्याच्या कडेला लावलं तर पाऊस उघडल्यावरही ओल मिळते. पण सांडपाणी थेट बुडात सोडू नका, थोडं अंतर ठेवून चर काढा.

मांडव कसा हवा

भाजीपुरता वेल कुंपणावर, छपरावर कुठेही चालतो. जाळीसाठी मात्र मांडव हवा. कारण फळ मोकळं लटकलं तरच सरळ वाढतं. जमिनीला टेकलं की कुजतं, छपरावर पडून राहिलं की वाकडं होतं आणि खालच्या बाजूने डाग पडतात. टिनाच्या छपरावर तर कोवळं फळ उन्हाने भाजतंच.

मांडवाला विकत काही आणायची गरज नाही. चार खांब बांबूचे किंवा बाभळीचे, वर तार किंवा सुतळीची जाळी, आणि आडव्या तुराट्या. उंची अशी की बाई खालून ताठ चालत गेली पाहिजे. खांब मात्र घट्ट रोवा. पावसात भिजलेला वेल आणि हिरवी फळं यांचं वजन बरंच होतं. वेल मांडवाला पोचेपर्यंत खालून फुटणाऱ्या बगलफुटी खुडत जा. वर पोचला की मग पसरू द्या.

फुलं येतात, फळ धरत नाही

ही तक्रार आम्हाला दर पावसाळ्यात ऐकू येते. वेलाला भरपूर पिवळी फुलं, पण फळाचा पत्ता नाही. घाबरू नका. या वेलाला नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी येतात. आधी नर फुलं येतात, घोसाने येतात. मादी फूल एकेकटं येतं आणि त्याच्या मागे बोटाएवढं इवलंसं घोसाळं आधीच दिसतं. आधीच्या दिवसांत नुसती नर फुलं असणं हे साहजिक आहे.

मादी फुलं येऊनही फळ पिवळं पडून गळत असेल, तर बहुधा मधमाशा कमी पडत आहेत. मग आपण हाताने काम करायचं. घोसाळ्याचं फूल पहाटे उमलतं. दोडक्याचं नेमकं उलट, ते संध्याकाळी उमलतं. म्हणून घोसाळ्यासाठी सकाळी लवकर जा. ताजं नर फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडा आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. सडासारवण करता करता पाच मिनिटांत होणारं काम आहे. वेल नुसता पानांनी माजला असेल तर युरिया देऊ नका. त्याने पानं आणखी वाढतील, फळं नाहीत.

कीड आणि फवारणी

रोप दोन-चार पानांवर असताना तांबडे भुंगे पानं चाळणीसारखी करतात. सकाळी दव असताना भुंगे सुस्त असतात, तेव्हा वेचून काढा आणि पानांवर चुलीची राख भुरभुरा. फळं लागल्यावर त्रास होतो तो फळमाशीचा. ती कोवळ्या फळात अंडी घालते, आत अळ्या होतात, फळ वाकडं होऊन सडतं. सडलेली फळं वेलाखाली पडू देऊ नका. गोळा करून हातभर खोल पुरा. मांडवात क्यू-ल्यूरचा एक कामगंध सापळा टांगला तर नर माशा त्यात अडकतात. हा सापळा कृषी सेवा केंद्रात मिळतो.

इतर किडींसाठी निंबोळी अर्क पुरेसा आहे. ५ टक्के अर्क म्हणजे एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्यांची भरड. रात्रभर भिजवा, सकाळी फडक्याने गाळा, थोडा साबणचुरा घाला. फवारणी संध्याकाळी करा, म्हणजे सकाळच्या मधमाशांना त्रास होत नाही. पानांवर पांढरी भुरी दिसली तर खालची रोगट पानं काढून मांडव मोकळा करा. गंधकाची भुकटी या कुळातल्या वेलांना कधीकधी भाजते, ती टाळा.

आता जे सांगतो ते जरा थांबून ऐका. २०१७ चा पावसाळा आपला जिल्हा विसरलेला नाही. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्याकडे वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. कपाशीचं औषध उरलं म्हणून ते परसातल्या वेलावर मारायचं नाही. ज्या पंपाने वावरात फवारणी झाली तो पंप निंबोळी अर्कासाठीही वापरायचा नाही, वेगळा छोटा हातपंप ठेवा. आणि औषधाचे रिकामे डबे, ड्रम कितीही धुतले तरी त्यात जाळ्या भिजवायच्या नाहीत. भाजी आपण एकदा खातो. जाळी रोज ओल्या अंगावर आणि जेवणाच्या ताटावर फिरते, आणि ती पाण्याबरोबर सगळं शोषून घेते.

किती खायची, किती ठेवायची

सगळा हिशेब इथे आहे. वेल एकच, त्याची ताकद मोजकी. एखादं फळ पिकायला ठेवलं की वेलाची शक्ती तिकडे जाते आणि नवीन फळं कमी येतात. म्हणून पहिले काही आठवडे सगळी फळं कोवळी तोडा आणि खा. फूल उमलल्यापासून साधारण आठवडाभरात फळ भाजीजोगं होतं. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला, पितृपक्षात भाजीला मागणी असते, तेव्हा दोन पैसेही होतील. एवढ्या दिवसांत वेल मांडवभर पसरतो.

मग भाद्रपदाच्या सुमारास ठेवायची फळं निवडा. सरळ, एकसारखी जाड, डाग नसलेली, मोकळी लटकणारी. एका वेलावर आठ-दहा पुरेत. त्यांना रंगीत चिंधी बांधा, म्हणजे घरातलं कोणी चुकून तोडणार नाही. बाकीची येतील तशी भाजीला काढत राहा. सगळीच ठेवायचा मोह झाला तर एकही जाळी घट्ट होत नाही, आणि मुलांच्या ताटातली भाजीही जाते. परसबागेचं पहिलं काम घरातल्यांना खाऊ घालणं हे आहे. उमेद अभियानाच्या 'माझी पोषण परसबाग' मोहिमेतून आपल्यापैकी अनेकींनी वाफे केले आहेत. घोसाळं त्याच वाफ्यांच्या कडेला लावा, वाफे मोडून नाही.

तोडणी: घाई नाही, पण पावसावर नजर

ठेवलेलं फळ तयार व्हायला फुलापासून सुमारे दोन महिने लागतात. आधी हिरवं फळ पिवळसर होतं, मग तपकिरी. हातात घेतलं तर हलकं लागतं. साल कागदासारखी सुटी वाटते आणि हलवलं की आत बिया खुळखुळतात. हा आवाज आला म्हणजे फळ तयार. फळं पिवळी पडू लागली की वेलाला पाणी कमी करा.

हिरवं असताना तोडलेल्या फळाची जाळी मऊ आणि लिबलिबीत निघते, आठ दिवसांत फाटते. म्हणून हिरव्याला हात लावू नका. उलट तयार फळ वेलावर दोन-तीन आठवडे राहिलं तरी बिघडत नाही, वेचणी चालू असेल तर राहू द्या. धोका एकच, अवकाळी पाऊस. वाळलेल्या सालीत पाणी शिरलं की आत बुरशी धरते, काळे डाग पडतात आणि ते पुढे निघत नाहीत. आभाळ भरून आलं की खुळखुळणारी सगळी फळं देठासकट काढून ओसरीत टांगा.

सोलणं आणि धुणं

फळाच्या खालच्या टोकाला झाकणासारखा एक भाग असतो. तो दाबला की निघतो. फळ उलटं धरून आपटा, बिया गळतात. पूर्ण वाळलेल्या फळाची साल हाताने दाबली की तडकून सुटते. सुटत नसेल तर स्वच्छ घमेल्यात किंवा टाक्यात एक दिवस भिजत ठेवा, वर दगड ठेवा म्हणजे तरंगणार नाही. दुसऱ्या दिवशी साल पिशवीसारखी निघते.

जाळीत चिकट रस राहतो. तो राहिला तर पुढे जाळी काळी पडते आणि वास मारते. म्हणून दाबून, पिळून, पाणी बदलून धुवा. पाणी स्वच्छ येईपर्यंत आणि बोटाला बुळबुळ लागणं थांबेपर्यंत धुवायचं. साधारण तीन-चार पाणी लागतात. हे पाणी झाडांना घाला, वाया घालवू नका. मग दोरीवर टांगून कडक उन्हात वाळवा. मधे मधे फिरवा. बाहेरून कोरडी वाटली तरी आतल्या कप्प्यांत ओल असते, म्हणून दोन-तीन दिवस ऊन द्या.

दुकानातल्या पांढऱ्याशुभ्र जाळ्या रसायनाने पांढऱ्या केलेल्या असतात. आपण तसं करू नये. जाळीचा मूळ रंग गव्हाळ असतो. गिऱ्हाइकाला तसंच सांगा, "हा तिचा स्वतःचा रंग आहे."

तुकडे आणि प्रत

पूर्ण वाळल्यावर विळीवर किंवा धारदार सुरीने चार-चार बोटं लांबीचे तुकडे करा. प्रत लावणं महत्त्वाचं. पहिल्या प्रतीत सरळ, डाग नसलेले, दाबल्यावर वर येणारे तुकडे. ते अंग घासायला. दुसऱ्या प्रतीत वाकडे, थोडे डागाळलेले, टोकाकडचे. ते भांड्यांना. बुरशी लागलेले तुकडे तिसऱ्या प्रतीचे नाहीत, ते थेट खतखड्ड्यात. नीट वाळवलेले तुकडे दाबून चपटे केले की थोड्या जागेत पुष्कळ मावतात, पाण्यात पडले की पुन्हा फुगतात.

दुसऱ्या प्रतीचं काय करायचं, हा प्रश्न जगात इतर बायकांनाही पडला आहे. दक्षिण अमेरिकेत पॅराग्वे नावाचा देश आहे. तिथल्या एल्सा झाल्दीवार या कार्यकर्तीने खेड्यातल्या बायकांना हाताशी धरून हाच वेल लावला, जाळीच्या वस्तू केल्या. पण परदेशी पाठवण्याच्या प्रतीत न बसणारा बराच माल उरायचा. तेव्हा तिने एका अभियंत्याच्या मदतीने तो माल आणि टाकाऊ प्लॅस्टिक मिळवून घराच्या भिंतींसाठी तक्ते तयार करायचं तंत्र काढलं. त्या कामासाठी तिला २००८ साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. आपल्याला तक्ते करायचे नाहीत. पण टाकाऊ म्हणून बाजूला काढलेल्या मालाकडे तिने पुन्हा एकदा पाहिलं, तेवढं घेण्यासारखं आहे. आपल्याकडच्या वाकड्या तुकड्यांच्या भांडी घासायच्या घासण्या होतात, चपला घासता येतात, फुटलेल्या टाचांसाठी छोटे गोल तुकडे होतात.

वापरताना

जाळी नैसर्गिक आहे म्हणून ती आपोआप स्वच्छ राहते असं नाही. ओली जाळी न्हाणीच्या कोपऱ्यात पडून राहिली तर तिच्यात जंतू वाढतात. १९९४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच दाखवलं गेलं, की ओल्या जाळीत त्वचेला त्रास देणारे जंतू वाढतात आणि तिथून अंगावर येऊ शकतात. उपाय साधा आहे. वापर झाला की पिळा आणि हवेशीर जागी टांगा. आठवड्यातून एकदा गरम पाण्यातून काढून उन्हात ठेवा. महिन्याने बदला. अंगाची आणि भांड्यांची जाळी वेगळी, आणि घरात प्रत्येकाची स्वतःची वेगळी. तान्ह्या बाळाच्या अंगाला, जखमेला, खाज-गजकर्ण असलेल्या जागी वापरू नका. जुनी झाली की खतखड्ड्यात टाका, कुजून माती होते. प्लॅस्टिकच्या घासणीचे तुकडे मोरीतून नाल्यात जातात आणि तिथेच राहतात, हा फरक लक्षात ठेवा.

पैशाचा हिशेब

आता बोलू पैशाचं, आणि खरं बोलू. समजा तुमच्या मांडवावर पाच वेल आहेत. प्रत्येकी आठ फळं ठेवली, म्हणजे ४० फळं. त्यातली दहा वाया गेली असं धरा. उरली ३०. एका फळाचे तीन तुकडे धरले तर ९० तुकडे. घरात चार माणसं असतील तर महिन्याला चार तुकडे अंगाला आणि एक भांड्यांना, म्हणजे वर्षाला ६०. ते घरातच लागले. विकायला राहिले ३०. समजा एकाला २० रुपये मिळाले, तर ६०० रुपये. दहा जणींच्या गटाचे ६,००० रुपये.

या पैशावर घर चालत नाही. पण त्यासाठी एक रुपया कर्ज काढलेलं नाही, आणि घासण्यांचा वर्षभराचा खर्च वाचला. म्हणून आमचं सांगणं असं की पहिल्या वर्षी पाचच वेल लावा. कोणी येऊन म्हणेल, "हे महागडं बियाणं घ्या, एकरभर लावा, सगळा माल आम्ही विकत घेऊ." त्याला सांगा, "आधी लेखी करार दाखवा." तो करार ग्रामसंघाच्या बैठकीत वाचून घ्या. गटातून कर्ज काढून घोसाळं लावायचं नाही. आपल्या जिल्ह्यात कर्जाचं ओझं काय असतं हे कोणाला सांगायला नको.

विक्रीची पहिली जागा दूर नाही. जाळ्या डिसेंबरअखेर तयार होतात आणि जानेवारीत संक्रांत येते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू. वाणाला प्लॅस्टिकच्या डब्या आणि चाळण्या वाटण्यापेक्षा एक जाळीचा तुकडा, सुतळीने बांधलेला, बरोबर कागदावर वापरायची रीत लिहिलेली. तालुक्याच्या गावातल्या बायका पन्नास-पन्नास वाणं एकगठ्ठा घेतात. मार्गशीर्षातच जाऊन नमुना दाखवा आणि मागणी लिहून आणा. त्यानंतर जिल्ह्याचं प्रदर्शन, आणि माल सातत्याने एकसारखा निघू लागला तर मुंबईचं महालक्ष्मी सरस. तिथे पाठवायचं असेल तर दहा जणींच्या तुकड्यांची लांबी, रंग आणि धुणं एकसारखं हवं. म्हणून सोलणं आपापल्या घरी, पण शेवटचं धुणं आणि प्रत लावणं एकत्र बसून करा. कोणी किती तुकडे दिले हे वहीत मांडा आणि विक्रीचे पैसे त्या-त्या बाईच्या खात्यावर जमा करा. सातबारा बहुतेकींच्या नावावर नसतो. सांदवाडीतला वेल मात्र आपण लावलेला, आपण जपलेला असतो. त्याचे पैसे आपल्याच खात्यात दिसले पाहिजेत.

रोग-किडीबद्दल काही अडलं तर यवतमाळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. ते अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं आहे, सल्ल्याला पैसे पडत नाहीत. जाताना रोगट पान सोबत न्या, नुसतं तोंडाने सांगू नका.

आणि बियांचं विसरू नका. सगळ्यात लांब, सगळ्यात घट्ट जाळी निघालेल्या फळाच्या काळ्या, भरीव बिया बाजूला काढा. दोन दिवस सावलीत वाळवा, राख मिसळून कोरड्या डब्यात ठेवा, वर वेलाचं आणि गावाचं नाव लिहा. एका फळात मूठभर बिया निघतात, आणि आपल्याला लागतात दहा. बाकीच्या पुढच्या बैठकीला घेऊन या. ज्यांच्याकडे बी नाही त्यांना मृगाआधी मिळालं पाहिजे.